४८६च्या बोर्डवर कॅश वाढवताना: आधी टॅग चिप बघा

पुण्यातल्या एका छापखान्याचं जुनं सामान निघालं, तेव्हा त्यातला ४८६, म्हणजे इंटेलच्या ४८६ प्रोसेसरवर चालणारा जुना काँप्युटर, मी घरी आणला. कीबोर्डच्या कडेला श्रीलिपीच्या कळफलकाची चिकटपट्टी अजून शाबूत होती. या मशीनवर कितीतरी लग्नपत्रिका आणि अंक जुळवले गेले असणार. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरच्या शेजारी लांबट सॉकेटांची ओळ दिसली: आठ मोठी आणि एक जरा बाजूला. आठपैकी चारच भरलेली होती. चार चिप्स आणून रिकाम्या जागा भराव्यात आणि कॅश, म्हणजे प्रोसेसरला वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी जलद मेमरी, १२८ केची (किलोबाइटची) २५६ के करून टाकावी, असं कुणालाही वाटेल. मलाही तसंच वाटलं. चिप्स बसवल्या, जंपर (बोर्डवरच्या पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) बदलले, मशीन चालू केलं, आणि डॉस लोड होता होताच ते गोठलं.

चूक त्या चार चिप्समध्ये नव्हती, बाजूच्या एकट्या नवव्या चिपमध्ये होती. ती टॅग चिप. जुन्या काँप्युटरची कॅश पहिल्यांदाच वाढवणाऱ्यांपैकी बहुतेक जण इथेच अडकतात, म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा तिलाच दिली आहे.

कॅश आणि टॅगचा हिशेब

इंटेलने १९८९ साली ४८६ आणला तो स्वतःच्या पोटात ८ के कॅश घेऊनच. आपण वाढवणार आहोत ती बोर्डवरची, दुसऱ्या पातळीची कॅश. मुख्य मेमरीच्या सिमवर (बोर्डवर खोचलेल्या मेमरीच्या पट्टीवर) डीरॅम ही संथ जातीची मेमरी असते आणि तिला माहिती द्यायला साधारण ६० ते ७० नॅनोसेकंद लागतात. कॅशमधला एसरॅम तेच काम १५-२० नॅनोसेकंदांत करतो. ३३ मेगाहर्ट्‌झच्या बसवर, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातल्या माहितीच्या वाटेवर, घड्याळाचा एक ठोका ३० नॅनोसेकंदांचा असतो. एसरॅम एका ठोक्यात उत्तर देतो आणि डीरॅमसाठी प्रोसेसरला ताटकळावं लागतं. फरक पडतो तो एवढ्यामुळेच.

किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. मागे कोठार, पुढे फळीवर डबे. रोजचा खपाचा माल डब्यांत असला की दुकानदाराला कोठारात जावं लागत नाही. आता नियम असा की कोठारातल्या प्रत्येक गोणीचा डबा ठरलेला आहे, पण एकाच डब्यावर अनेक गोण्यांचा हक्क आहे. मग आत्ता डब्यात कुठल्या गोणीतला माल आहे, हे सांगणारी चिठ्ठी प्रत्येक डब्यावर हवीच. डबे म्हणजे डेटा चिप्स, चिठ्ठ्या म्हणजे टॅग चिप. डबे दुप्पट केले आणि चिठ्ठ्या तेवढ्याच ठेवल्या, तर अर्ध्या डब्यांत काय आहे ते कुणालाच कळणार नाही.

हाच हिशेब आकड्यांत करून बघा. ४८६ कॅशमध्ये एका वेळी १६ बाइटची एक ओळ भरतो. १२८ के कॅश म्हणजे ८,१९२ ओळी, तेव्हा ८,१९२ चिठ्ठ्या. त्यासाठी ८के×८ची, म्हणजे ८,१९२ जागा आणि प्रत्येकीत ८ बिट अशी, टॅग चिप पुरते. २५६ के कॅशमध्ये १६,३८४ ओळी होतात. तिथे ८के×८ अपुरी पडते आणि ३२के×८ लावावी लागते. ३२के×८मध्ये ३२,७६८ चिठ्ठ्या मावतात, म्हणजे तीच चिप ५१२ केपर्यंत पुरते. १ एमबी करायची तर ६४के×८.

माझं मशीन का गोठलं, तेही यातूनच कळतं. ८के×८ आणि ३२के×८ या दोन्ही चिप्सना २८ पिना असतात आणि दोन्ही एकाच सॉकेटमध्ये बसतात. पण मोठ्या चिपवर २६ नंबरची पिन पत्त्याची एक तार असते, आणि लहान चिपवर तीच पिन 'चिप चालू ठेव' असा हुकूम देते. मी जंपर २५६ केवर नेले आणि त्या पिनेवर पत्त्याची तार आली. ती तार खाली गेली की टॅग चिप गप्प बसायची. प्रोसेसरला जुन्या चिठ्ठीऐवजी कचरा मिळायचा आणि मशीन अडकायचं. टॅगच्या जागी ३२के×८ चिप बसवली आणि त्याच जंपरांवर बोर्ड निमूट सुरू झाला.

टॅगच्या रुंदीवरून आणखी एक गोष्ट ठरते, ती म्हणजे कॅश मुख्य मेमरीचा किती भाग सांभाळू शकेल. टॅगची रुंदी ८ बिट, म्हणजे २५६ वेगवेगळ्या चिठ्ठ्या. २५६ के गुणिले २५६ म्हणजे ६४ एमबी. कॅश राइट-बॅक पद्धतीने चालवली, म्हणजे बदललेली माहिती आधी फक्त कॅशमध्ये ठेवून मुख्य मेमरीत नंतर लिहिली, आणि 'ही ओळ बदलली आहे' अशी खूण ठेवणाऱ्या 'डर्टी' बिटसाठी बोर्डवर वेगळी चिप नसली, तर आठांतला एक बिट त्या कामी जातो आणि हद्द निम्म्यावर, ३२ एमबीवर येते. १२८ के कॅशला हेच आकडे ३२ आणि १६ एमबी असे होतात. तुमच्याकडे ८ किंवा १६ एमबी रॅम असेल तर याची काळजी नको. पण ६४ एमबी रॅम भरून विंडोज ९५ टाकणार असाल तर हा हिशेब आधीच करा, कारण विंडोज ९५ मेमरी वरच्या टोकाकडून वापरत येतं. वरचा भाग कॅशच्या हद्दीबाहेर असला, तर जास्त रॅम घालूनही मशीन मंद होतं.

हा विचार ४८६पुरताच नाही. एपल टू-जीएस या जुन्या काँप्युटरसाठी निघालेल्या ट्रान्सवार्प जीएससारख्या, मशीनचा वेग वाढवणाऱ्या अॅक्सिलरेटर कार्डांवरही छोटी कॅश असते. तिथे आकडे वेगळे, पण 'डबे वाढवले तर चिठ्ठ्या पुरतात का' हा प्रश्न तोच.

चिप्स विकत घेण्याआधी

सगळ्यांत आधी बॅटरी बघा. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळी किंवा हिरवी, पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी डाखलेली असते. ती फुटते, आणि तिच्यातला क्षार तांब्याच्या रेषा खात जातो. आसपास हिरवट-पांढरा खर दिसला तर कॅशचा विषय बाजूला ठेवा. बॅटरी कापून काढा, तेवढ्या जागी कापसाच्या बोळ्याने थोडं पांढरं व्हिनेगर लावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्या. रेषा खाल्ल्या गेल्या असतील तर नव्या कॅशचा काही उपयोग नाही.

मग बोर्डवरच्या चिप्स वाचा. भिंग आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की घासलेले आकडेही दिसतात. नावातल्या आकड्यात मेमरीचं माप लपलेलं असतं. ६१२५६, २४२५७, ७१२५६ किंवा ७सी१९९ असं काही असेल तर ती ३२के×८. ७१६४ किंवा ७सी१८५ असेल तर ८के×८. ६११०२४ किंवा २४१०२४ असेल तर १२८के×८, आणि तिला ३२ पिना असतात. शेवटच्या डॅशनंतरचा आकडा म्हणजे वेग: -१५ म्हणजे १५ नॅनोसेकंद, -२० म्हणजे २०.

बोर्डच्या मॉडेलचा नंबर शोधून त्याच्या जंपरांचा तक्ता मिळवा. बरेचदा तो बोर्डवरच पांढऱ्या अक्षरांत छापलेला असतो. नसला तर टोटल हार्डवेअर ९९ या जुन्या संग्रहात शेकडो बोर्डांचे तक्ते आहेत आणि तो इंटरनेटवर सहज सापडतो. तक्ता हाती लागेपर्यंत चिप्सवर पैसे घालू नका, असं माझं ठाम मत आहे. जंपर अंदाजाने फिरवून बघण्यात बोर्ड खराब होण्याची भीती असते.

तक्त्यात आपल्याला हवं त्या मापाची ओळ शोधा. ४८६ची बस ३२ बिटांची आणि प्रत्येक चिप ८ बिटांची, म्हणून डेटा चिप्स नेहमी चारच्या पटीत लागतात. चार ३२के×८ म्हणजे १२८ के, आठ म्हणजे २५६ के, चार १२८के×८ म्हणजे ५१२ के. आठही जागा भरल्या की बऱ्याच बोर्डांवर दोन गट आळीपाळीने काम करतात आणि वेगाची सेटिंग घट्ट करता येते, म्हणजे कमी ठोक्यांत माहिती घेता येते. हा फायदा नुसत्या मापापेक्षा मोठा असू शकतो. त्यामुळे नवशिक्या माणसाला माझा सल्ला आठ ३२के×८ आणि टॅगसाठी एक ३२के×८ असाच असतो. एकाच जातीच्या नऊ चिप्स, हिशेब सोपा, आणि डॉसवर जे काही चालवायचं त्याला २५६ के भरपूर झाली. ५१२ के किंवा १ एमबीची हौस असली तर जरूर करा, पण मशीनच्या वागण्यात त्याने फार फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका.

खरेदीतले सापळे

पहिला सापळा ६२२५६ या नावाचा. तीही ३२के×८च, पण ५५ ते ७० नॅनोसेकंदांची संथ चिप आणि देहाने दुप्पट रुंद. कॅशच्या सॉकेटमध्ये पिनांच्या दोन ओळींतलं अंतर ७.६ मिलिमीटर असतं, या चिपमध्ये ते १५.२ मिलिमीटर. ऑनलाइन फोटोत मोजमाप कळत नाही, म्हणून विकणाऱ्याला 'अरुंद, ३०० मिल' (म्हणजे तेच ७.६ मिलिमीटर) एवढंच विचारून घ्या. दुसरा सापळा ३.३ व्होल्टच्या चिप्सचा. त्यांच्या नावात अनेकदा 'एलव्ही' असतं. ४८६च्या कॅशला ५ व्होल्टच्याच चिप्स लागतात.

नव्या चिप्स मोजक्या वितरकांकडे मिळतात. अलायन्स कंपनीची ७सी२५६ हा त्यातला चांगला पर्याय. पण मला मेलेल्या बोर्डांवरून काढलेल्या चिप्स जास्त आवडतात, कारण त्या स्वस्त पडतात आणि त्याच काळातल्या असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुनं सामान ठेवणाऱ्यांकडे '४८६चा बंद बोर्ड आहे का' असं विचारून बघा. वेग बसप्रमाणे घ्या: ३३ मेगाहर्ट्‌झला २० चालते आणि १५ निर्धास्त चालते, ४० किंवा ५०च्या बसला १५च हवी. डीएक्स२-६६च्या नावात ६६ असलं तरी त्याची बस ३३चीच आहे, हे विसरू नका. नऊऐवजी दहा-अकरा चिप्स घ्या. एखादी खराब निघतेच.

काही स्वस्त बोर्डांवर कॅशच्या जागी आत काहीच नसलेले प्लॅस्टिकचे ठोकळे लावलेले असत, आणि बायोस (मशीन चालू होताच चालणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) मात्र पडद्यावर २५६ के दाखवत असे. तुमच्या बोर्डवरच्या चिप्स सॉकेटऐवजी थेट डाखलेल्या असतील आणि त्यांच्या पिनांपासून कुठेही रेषा निघताना दिसत नसतील, तर शंका घ्या. पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, मोजून बघा.

आधीचं माप लिहून ठेवा

बदल करण्याआधी साध्या डॉसमध्ये, म्हणजे ईएमएम३८६ हा मेमरी सांभाळणारा प्रोग्रॅम लोड न करता, कॅशचेक हा छोटा प्रोग्रॅम चालवा. तो वेगवेगळ्या आकाराचे तुकडे वाचून प्रत्येकाला लागलेला वेळ दाखवतो. ८ केपर्यंत एक वेग दिसतो, तिथून बोर्डवरच्या कॅशच्या मापापर्यंत दुसरा, आणि त्यापुढे मुख्य मेमरीचा तिसरा. जिन्याच्या पायऱ्यांसारखं ते चित्र वहीत उतरवून घ्या. खऱ्या कामाचं माप हवं असेल तर डूम गेममध्ये टाइमडेमो देऊन तिसरा डेमो चालवा. शेवटी तो गेमटिक्स आणि रिअलटिक्स असे दोन आकडे देतो. गेमटिक्सला ३५ने गुणून रिअलटिक्सने भागलं की दर सेकंदाच्या फ्रेम्स मिळतात. बायोसच्या सेटिंगचे आणि सगळ्या जंपरांचे फोटोही आत्ताच काढा.

चिप्स काढणं आणि बसवणं

भिंतीतून वायर काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण या जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या बटणापर्यंत घरची २३० व्होल्टची वीज येते. बोर्ड बाहेर काढायचा तर सप्लायचे दोन चपटे कनेक्टर सुटतील. परत लावताना दोन्हीच्या काळ्या वायरी मध्ये, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटं लावलं तर बोर्ड जळतो.

अंगावरची स्थिर वीज पावसाळ्यात फारशी त्रास देत नाही. डिसेंबरच्या कोरड्या हवेत, नायलॉनचा किंवा लोकरीचा स्वेटर अंगात असताना, मात्र ती चिप मारू शकते. सुती कपड्यांत बसा आणि चिपला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा.

टॅग चिप काढायची तर चिप आणि सॉकेट यांच्या फटीत बारीक चपटा स्क्रूड्रायव्हर घाला आणि दोन्ही टोकांना आळीपाळीने केसभर उचलत न्या. एका टोकाने उचकटली तर दुसऱ्या टोकाच्या पिना वाकतात. स्क्रूड्रायव्हर सॉकेटच्या खाली जाऊ देऊ नका. तिथे बोर्डच्या रेषा असतात आणि एक ओरखडा पुरतो.

नव्या चिपच्या पिना कारखान्यातून बाहेरच्या बाजूला थोड्या फाकलेल्या येतात. चिप कुशीवर टेबलावर ठेवा, अंगाला दोन्ही हातांनी धरा आणि पूर्ण ओळ एकदम हलकेच दाबून काटकोनात आणा. मग दुसरी बाजू. जुन्या चिप्सच्या पिना काळवंडलेल्या असतात. आपल्याकडच्या दमट हवेत तर हमखास. त्या अल्कोहोलने पुसा, हट्टी डाग पांढऱ्या खोडरबराने काढा.

आता दिशा. चिपच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते आणि सॉकेटवर तशीच खूण असते. खाचेसमोर खाच आलीच पाहिजे. उलटी बसलेली चिप चालू करताच तापते आणि बहुधा मरते. सॉकेट ३२ पिनांचं आणि चिप २८ पिनांची असेल, तर चिपची खाच त्याच दिशेला ठेवून ती सॉकेटच्या खाचेपासून लांबच्या टोकाला टेकवून बसवायची आणि खाचेकडची चार भोकं रिकामी सोडायची. पहिल्यांदा करणाऱ्याचा हात इथे हमखास चुकतो, कारण मनाला खाच जुळवावीशी वाटते. चार भोकं रिकामी सोडल्यावर जमिनीची (ग्राउंडची) पिन जमिनीला लागते आणि चिपचा वीजपुरवठाही योग्य जागी येतो.

सगळ्या पिना भोकांच्या तोंडाशी आल्यात का ते डोळे बोर्डच्या पातळीला आणून दोन्ही बाजूंनी बघा. मगच अंगठ्याने मध्यावर सरळ खाली दाबा. दाबल्यावर परत बघा. एखादी पिन भोकात न जाता चिपच्या पोटाखाली दुमडून बसते आणि वरून अजिबात कळत नाही. टॉर्च आडवा धरून ओळीतल्या पिना मोजा: एका बाजूला चौदा. तेरा दिसल्या तर चिप काढा आणि दुमडलेली पिन बारीक चिमट्याने एकदाच सरळ करा. दुसऱ्यांदा वाकवली तर तुटेल.

मग तक्त्याप्रमाणे जंपर. टॅगचा जंपर वेगळा असेल तर तोही. लावून झाल्यावर तक्ता हातात धरून प्रत्येक जंपर पुन्हा वाचा.

पहिल्यांदा चालू करताना

बायोसमध्ये जाऊन बाहेरची कॅश बंद करा आणि मशीन डॉसपर्यंत येतंय का बघा. आलं, म्हणजे बाकी बोर्ड धड आहे. आता कॅश चालू करा, पण राइट-थ्रू पद्धतीवर (प्रत्येक बदल लगेच मुख्य मेमरीतही लिहिला जातो) आणि सर्वांत सैल वेगावर. बायोसमध्ये तो ३-२-२-२ असा दिसतो: पहिल्या तुकड्याला तीन ठोके, पुढच्या तिन्हींना दोन-दोन. चालू होतानाच्या तक्त्यात २५६ के दिसलं की कॅशचेक चालवा आणि वहीतल्या जिन्याशी ताडून बघा. मधली पायरी १२८ केऐवजी २५६ केपर्यंत लांबली असली पाहिजे. बायोस २५६ के म्हणतोय आणि पायरी मात्र १२८ केवरच तुटतेय, तर जंपर किंवा टॅग परत तपासा.

त्यानंतर एखादी भलीमोठी झिप फाइल पीकेअनझिपने तपासायला लावा. दहा वेळा लागोपाठ एकही चूक न येता झाली, तर मेमटेस्ट८६ची फ्लॉपीवर मावणारी जुनी आवृत्ती रात्रभर चालू ठेवा. सकाळी पडदा स्वच्छ असेल तर वेग घट्ट करत न्या: आधी २-२-२-२, मग २-१-१-१. प्रत्येक बदलानंतर झिपची चाचणी पुन्हा. राइट-बॅकचा प्रयोग सर्वांत शेवटी. एका वेळी एकच सेटिंग बदला, नाहीतर बिघाड कशाने झाला हे कळणार नाही.

डूमचा आकडाही परत घ्या. मुळात कॅश नसलेल्या बोर्डवर ती घातली तर फरक डोळ्यांना दिसतो. १२८ची २५६ के केल्यावर मिळतो तो थोडाच, आणि त्यातला बराचसा आळीपाळीने चालणाऱ्या दोन गटांमुळे आणि घट्ट केलेल्या वेगामुळे. मला तोही मोलाचा वाटतो, कारण या बोर्डला शक्य असलेलं सगळं आता त्याच्याकडून मिळतंय.

अडलं तर

पडद्यावर 'कॅश मेमरी बॅड, डू नॉट एनेबल कॅश' असा संदेश आला, तर घाबरू नका. बहुतेक वेळा दुमडलेली पिन किंवा नीट न बसलेली चिपच सापडते. सगळ्या चिप्स पुन्हा दाबून बघा. तरी नाही गेलं, तर जंपर १२८ केवर आणून पहिल्या गटात फक्त चार चिप्स ठेवा, आणि जास्तीच्या चिपने एकेक जागा बदलत जा. खराब चिप चार-पाच फेऱ्यांत पकडली जाते. ३२के×८ची टॅग चिप या वेळी तशीच राहू द्या, बहुतेक बोर्डांवर ती १२८ केलाही चालते. मशीन गार असताना नीट चालत असेल आणि अर्ध्या तासाने अडकत असेल, तर बहुधा चिपचा वेग अपुरा आहे. सेटिंग एक पायरी सैल करा, किंवा २०च्या जागी १५ची चिप लावा. आणि एखादी चिप हाताला चटका बसेल इतकी तापली, तर लगेच वायर काढा. ती उलटी बसली आहे.

काढलेली ८के×८ची टॅग चिप टाकून देऊ नका. काळ्या फोमच्या तुकड्यात खोचून, जुन्या आणि नव्या जंपरांच्या नोंदीचा कागद गुंडाळून, कॅबिनेटच्या आत एका पाकिटात चिकटवून ठेवा. माझ्या ४८६मध्ये ते पाकीट पॉवर सप्लायच्या शेजारच्या पत्र्याला आहे.